समुद्रतळाशी माणसं नेणाऱ्या संशोधन पाणबुड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपले कोळी पाण्याची खोली वावात सांगतात. इथे दहा वाव, पुढे खडकाच्या पलीकडे वीस. वीस वाव म्हणजे साधारण ३६ मीटर. जगातल्या महासागरांची सरासरी खोली मात्र सुमारे ३,७०० मीटर आहे, म्हणजे दोन हजार वावांच्या घरात. तिथवर माणूस जातो कसा, जाऊन करतो काय आणि मुळात जावंच कशाला, हे लोक पुन्हा पुन्हा विचारतात. त्यातल्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सबमर्सिबल म्हणजे पाणबुडीच ना?

आपल्याकडे सबमर्सिबल म्हटलं की आधी बोअरमधला पंप डोळ्यांसमोर येतो. शब्द तोच आहे आणि अर्थही तोच, पाण्यात बुडून काम करणारं यंत्र. पण इथे तो माणसं नेणाऱ्या छोट्या पाणबुडीसाठी वापरतात.

नौदलाची पाणबुडी स्वतःच्या बळावर बंदरातून निघते, कित्येक आठवडे समुद्रात राहते आणि तिच्यावर मोठा खलाशी ताफा असतो. तरीही ती काहीशे मीटरच्या खाली सहसा जात नाही. सबमर्सिबलचं सगळं उलट. आत दोन-तीन माणसं, दिवसभर पुरेल एवढी बॅटरी, वेग माणसाच्या चालण्याइतका. कामाच्या जागेपर्यंत ती जहाजावर बसून जाते आणि संध्याकाळी परत जहाजावर येते. खोलीच्या बाबतीत मात्र नौदलाची पाणबुडी तिच्या जवळपासही पोहोचत नाही. अमेरिकेची ‘अल्विन’ आणि जपानची ‘शिन्काई ६५००’ या ६,५०० मीटरपर्यंत जातात, फ्रान्सची ‘नोतील’ ६,००० मीटरपर्यंत.

मग मोठ्या पाणबुड्यांचा विज्ञानाला काहीच उपयोग झाला नाही का?

झाला, आणि एका ठिकाणी तर फार मोठा झाला. आर्क्टिकच्या बर्फाखालून जाताना पाणबुडीला डोक्यावरचा बर्फ किती जाड आहे हे ‘सोनार’ने, म्हणजे ध्वनिलहरी सोडून अंतर काढणाऱ्या यंत्राने, सतत मोजत राहावं लागतं. १९५८ पासूनच्या या नोंदी शास्त्रज्ञांच्या हाती आल्या आणि १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाने आपल्या अणुपाणबुड्यांवर शास्त्रज्ञांनाही नेलं. दोन्ही काळांतली मोजमापं शेजारी ठेवली तेव्हा दिसलं की उन्हाळ्याअखेरच्या बर्फाची जाडी सरासरी ३.१ मीटरवरून १.८ मीटरवर आली होती. उपग्रहाला बर्फाचा पसारा सहज दिसतो. जाडीचा इतका जुना हिशेब मात्र खालून जाणाऱ्यांनीच ठेवला होता.

‘एनआर-१’ ही अणुशक्तीवर चालणारी छोटी पाणबुडी १९६९ ते २००८ या काळात कामात होती. तिला तळावरून फिरण्यासाठी चाकं होती आणि बाहेर बघायला खिडक्याही. आणखी एक मोहीम मला फार आवडते. जुलै १९६९ मध्ये ‘बेन फ्रँकलिन’ नावाच्या पाणबुडीत सहा जण बसले आणि गल्फ स्ट्रीम या समुद्रप्रवाहाबरोबर महिनाभर नुसते वाहत गेले. त्यांनी प्रवाहाचा अभ्यास केला, आणि बंद डब्यात माणसं इतके दिवस कशी राहतात हे नासाने त्यांच्याकडून समजून घेतलं. त्याच दिवसांत अपोलो ११ चंद्रावर उतरलं, त्यामुळे या सहा जणांकडे जगाचं लक्ष फारसं गेलं नाही.

खोल पाण्यातला दाब म्हणजे नेमका किती?

दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. सहा हजार मीटरवर तो सुमारे सहाशे पट होतो. करंगळीच्या नखावर सिमेंटच्या पन्नास किलोच्या बारा गोण्या ठेवल्या तर काय होईल, तेवढा. आणि हा भार पाणबुडीच्या प्रत्येक नखाएवढ्या जागेवर, सगळ्या बाजूंनी, एकाच वेळी असतो.

मोहिमेवरचे लोक थर्माकोलच्या पेल्यांवर रंगीत पेनाने नावं आणि चित्रं काढून ते जाळीच्या पिशवीत घालतात आणि पाणबुडीच्या बाहेर बांधून खाली पाठवतात. परत येतो तो खोकल्याच्या औषधाच्या टोपणाएवढा कडक पेला. आकार तसाच, अक्षरंही तशीच, फक्त सगळं मुंगीएवढं. थर्माकोलमधली हवा दाबाने पिळून निघालेली असते. मुलांना दाब समजवायला यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही.

माणसं बसतात ती जागा गोलच का असते?

गोळ्यावर दाब सगळीकडून सारखा वाटला जातो, एखाद्याच जागी ताण साठत नाही. बाहेरून पाणबुडी लांबट दिसते, पण ते वरचं कवच असतं आणि त्याच्या आत पाणी मोकळं खेळतं. माणसं असतात ती आतल्या गोळ्यात. शिन्काईचा गोळा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा आहे, आतून दोन मीटर व्यासाचा, ७३.५ मिलिमीटर जाडीचा. दोन मीटरमध्ये तीन माणसं, पडदे, बटणं, ऑक्सिजनची टाकी आणि जेवणाचे डबे. पाय पूर्ण पसरायची सोय नाही.

खिडक्या काचेच्या नसतात, जाड अॅक्रिलिकच्या असतात. त्यांचा आकार बाहेरून रुंद आणि आत निमुळता, पाचरीसारखा. पाणी जितकं दाबेल तितकी खिडकी आपल्या खाचेत घट्ट बसते. झाकणाचंही तेच. म्हणूनच ‘कोणी चुकून दार उघडलं तर’ ही भीती नको. त्या दाबाखाली दहा पैलवान लावले तरी दार उघडणार नाही.

पाणबुडी बुडते कशी आणि वर येते कशी?

इंजिनच्या जोरावर नाही, वजनाच्या हिशेबावर. पाणबुडीला पोलादी वजनं लावलेली असतात, त्यांच्यामुळे ती मिनिटाला साधारण तीस मीटर या गतीने खाली जाते. तळ जवळ आला की काही वजनं सोडून देतात, मग ती ना वर जाते ना खाली, तरंगत राहते. काम संपलं की उरलेली सोडायची. तरंगण्यासाठी कवचात एक खास फोम असतो. डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा काचेच्या पोकळ गोळ्या रेझिनमध्ये कालवून तो करतात. तो हलका असतो आणि दाबाने चेपत नाही.

हा फोम येण्याआधी पेट्रोल वापरत, कारण ते पाण्याहून हलकं आणि सहज न दबणारं. २३ जानेवारी १९६० ला जाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्ते’ या पाणबुडीतून मारियाना गर्तेच्या, म्हणजे महासागरातल्या सर्वांत खोल जागेच्या, तळाशी उतरले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर हजारो लिटर पेट्रोलची टाकी होती. त्यांची लोखंडी छर्र्यांची वजनं विद्युतचुंबकाने धरून ठेवली होती. वीज गेली तर चुंबक सुटणार, छर्रे पडणार आणि पाणबुडी आपोआप वर येणार. बिघाड झाला की यंत्र माणसांना वर घेऊन यावं, हे धोरण तेव्हापासून या सगळ्या पाणबुड्यांच्या रचनेत आहे.

खाली एक दिवस कसा जातो?

अल्विनचा दिवस घेऊ. तिच्यात एक पायलट आणि दोन शास्त्रज्ञ बसतात. रात्री पाणी बेतानेच प्यायलेलं असतं, कारण आत शौचालय नाही, बाटलीवर भागवायचं. लोकरीचे मोजे, स्वेटर, टोपी. वर सूर्य तळपत असतो आणि ही मंडळी महाबळेश्वरला डिसेंबरात निघाल्यासारखी दिसतात. झाकण लावण्याआधी त्याच्या रबरी कड्यावरून आणि कडेवरून हात फिरवून पुसून घेतात, एखादा केस किंवा वाळूचा कणही तिथे राहू नये म्हणून. मग जहाजाच्या मागची कमान पाणबुडीला उचलून पाण्यात ठेवते. पोहणारे दोघे दोर सोडवतात, खिडकीतून हात हलवतात आणि बाजूला होतात.

बाहेरचं पाणी आधी हिरवट निळं, मग गर्द निळं, मग ज्याला नाव देता येत नाही अशा निळ्याचं, आणि मग काळं. दोनशे मीटरनंतर उजेड जेमतेम उरतो, हजारच्या पुढे सूर्याचा मागमूस नाही. बॅटरी वाचवायला बाहेरचे दिवे बंदच ठेवतात, आणि तेच बरं. त्या काळोखात जेलीसारखे जीव पाणबुडीचा धक्का लागला की निळ्या ठिणग्यांसारखे चमकतात. खाली जाणारे लोक तासभर गप्प बसून खिडकीला नाक लावतात.

अडीच हजार मीटरवर पोहोचायला सुमारे दीड तास लागतो. मग दिवे लागतात आणि खरं काम सुरू होतं. पायलट यांत्रिक हाताने नळकांडं गाळात खुपसून चिखलाचा थरासकट नमुना घेतो, नाजूक जीव हलक्या ओढीच्या नळीने शोषून डब्यात घेतो, पाण्याच्या बाटल्या भरतो. समोरच्या टोपलीत जेवढं मावेल तेवढंच वर येणार, त्यामुळे कुठला दगड घ्यायचा आणि कुठला सोडायचा यावर गोळ्यात चांगलाच वाद होतो. मधे कधीतरी सँडविच खाऊन होतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास पाणबुडी जहाजावर येते. पहिल्यांदाच जाऊन आलेल्याच्या डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओततात. ही तिथली जुनी रीत आहे.

वर येताना खोल डुबकी मारणाऱ्या माणसांसारखा रक्तात वायूचे बुडबुडे होण्याचा त्रास होत नाही का?

नाही. गोळ्याच्या आत दाब जमिनीवर असतो तेवढाच राहतो. तीन तास वर येत असला तरी शरीराच्या दृष्टीने तुम्ही एका लहानशा खोलीतच बसलेले असता.

ऑक्सिजन संपला तर?

ऑक्सिजन टाक्यांमधून हळूहळू सोडला जातो आणि तो दिवसभराच्या गरजेपेक्षा बराच जास्त असतो. अल्विनमध्ये तिघांना ७२ तास पुरेल इतका. त्याहून लवकर जीवावर बेततो तो आपणच बाहेर सोडलेला कार्बन डायऑक्साइड. तो शोषून घेणारं रसायन आत ठेवलेलं असतं आणि पंख्याने हवा त्यातून फिरवतात. थंडीत हे रसायन मंदावतं. १९७३ साली फ्लोरिडाजवळ ‘जॉन्सन सी लिंक’ ही पाणबुडी सुमारे ११० मीटरवर एका बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात अडकली. पुढच्या कप्प्यातले दोघे वाचले, मागच्या थंड पडलेल्या कप्प्यातल्या दोघांचा कार्बन डायऑक्साइडमुळे मृत्यू झाला. त्याच वर्षी आयर्लंडजवळ ‘पायसीस ३’ सुमारे ४८० मीटरवर अडकली होती. तिच्यातल्या दोघांनी हालचाल आणि बोलणं जवळपास बंद करून ७६ तास काढले, आणि त्यांना जिवंत वर आणता आलं.

टायटनच्या अपघातानंतर यावर विश्वास कसा ठेवायचा?

जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला निघालेली ‘टायटन’ पाण्याखाली चिरडली गेली आणि पाच जण गेले. लोकांचा धक्का समजण्यासारखा आहे, पण तिच्यावरून संशोधन पाणबुड्यांचं माप काढू नये. टायटनचं माणसं बसण्याचं कवच कार्बन फायबरचं आणि नळकांड्याच्या आकाराचं होतं, आणि कुठल्याही स्वतंत्र संस्थेकडून ती तपासून प्रमाणित करून घेतलेली नव्हती. अल्विन १९६४ पासून काम करते आहे, तिच्या पाच हजारांहून जास्त बुड्या झाल्या आणि एकही माणूस दगावला नाही. दर काही वर्षांनी ती शेवटच्या बोल्टपर्यंत सुटी करतात, प्रत्येक भाग तपासतात, पुन्हा जुळवतात. नव्या कल्पनांना माझा विरोध नाही. पण माणसं आत बसवण्याआधी त्या कल्पनेला परक्या माणसाकडून तपासून घ्यायला जो नकार देतो, त्याच्या पाणबुडीत कोणीही बसू नये.

अल्विन स्वतः एकदा बुडाली होती, हे खरं का?

खरं आहे. १६ ऑक्टोबर १९६८ ला पाण्यात सोडताना तिचे दोर तुटले. झाकण उघडं होतं, आतले तिघे कसेबसे बाहेर पडले आणि पाणबुडी सुमारे १,५०० मीटर खाली गेली. दहा महिन्यांनी तिला वर काढलं तेव्हा आत त्या दिवसाचे जेवणाचे डबे तसेच होते. सँडविच भिजलेली, सफरचंदं जरा काळवंडलेली, पण नासलेलं काही नव्हतं. तेच जेवण वर आणून फ्रिजमध्ये ठेवलं तर काही आठवड्यांत खराब झालं.

होल्गर यानाश या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने यावर चिकाटीने प्रयोग केले. खोल समुद्रात जिवाणूंचं कुजवण्याचं काम तेवढ्याच थंड फ्रिजपेक्षा १० ते १०० पट हळू चालतं, असं निघालं. ज्या काळात कचरा खोल समुद्रात टाकला की समुद्र तो पचवून टाकेल असं लोक धरून चालत होते, त्या काळात हे कळणं फार मोलाचं होतं.

या पाणबुड्यांमुळे सापडलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती?

माझं उत्तर ठाम आहे: १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ सापडलेले गरम पाण्याचे झरे.

भूगर्भशास्त्रज्ञांना संशय होता की जिथे समुद्रतळ फाटत जातो तिथे गरम पाणी येत असावं. आधी त्यांनी कॅमेरा बसवलेली एक लोखंडी चौकट दोराने ओढत तळावरून फिरवली. एका क्षणी तापमान जरासं वर गेलं आणि उतरलं. सुमारे तीन हजार फोटो निघाले. त्यातले तेरा सोडले तर सगळ्यांत नुसता लाव्हा. त्या तेरांत मोठमोठे शिंपले. १७ फेब्रुवारीला अल्विन तिथे उतरली. अडीच हजार मीटर खोल, मिट्ट काळोखात, कोमट पाणी झिरपतंय आणि त्याच्याभोवती शिंपले, खेकडे. त्याच मोहिमेत पुढे माणसाएवढ्या उंचीच्या पांढऱ्या नळ्या दिसल्या, तोंडाशी लालभडक तुरे असलेल्या. जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता! नमुने टिकवायला पुरेसं फॉर्मालिनही नव्हतं, म्हणून काही जीव चक्क रशियन व्होडकात ठेवले. पाण्याच्या बाटल्या उघडल्या तर सडक्या अंड्यांचा वास.

तो वास हायड्रोजन सल्फाइडचा होता, आणि उत्तर त्यातच होतं. तिथले जिवाणू सूर्यप्रकाशाऐवजी या वायूपासून ऊर्जा मिळवतात. नळीतल्या त्या कृमीला तोंडही नाही आणि आतडंही नाही. त्याच्या पोटात हे जिवाणू कोंदलेले असतात आणि तेच त्याला पोसतात. हे कोडं कॉलीन कॅव्हॅनॉ या तरुण संशोधिकेने पुढच्या काही वर्षांत सोडवलं. सगळं जीवन शेवटी सूर्यावर चालतं असं शाळेत शिकवत, त्या वाक्याला इथे पहिल्यांदा मोठी दुरुस्ती लागली. १९७९ मध्ये मेक्सिकोजवळ धुरासारखं काळं पाणी ओकणारी धुराडी सापडली. पाण्याचं तापमान ३५० अंशांच्या वर, इतकं की मोजायला नेलेल्या थर्मामीटरची प्लास्टिकची दांडी वितळली. दाबामुळे हे पाणी उकळत नाही.

रोबो असताना माणसाला खाली पाठवायची गरज काय?

बऱ्याच कामांना गरज नाही. तारेने जोडलेला रोबो दिवसच्या दिवस खाली राहतो, त्याला भूक लागत नाही, आणि वर वीस शास्त्रज्ञ एकाच पडद्याकडे बघू शकतात. स्वयंचलित पाणबुड्या शेकडो किलोमीटरचा नकाशा काढतात. रोबो हरवतातही. जपानचा ‘काइको’ २००३ मध्ये तार तुटून गेला, अमेरिकेचा ‘नेरियस’ २०१४ मध्ये कर्माडेक गर्तेत गेला. पण हळहळ होते ती यंत्राची, कोणाच्या घरी रडारड होत नाही.

तरीही माणूस जावा असं मला वाटतं. कॅमेरा ज्या दिशेला वळवला तेवढंच दाखवतो. खिडकीतल्या माणसाला डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हलताना दिसतं आणि तो म्हणतो, थांब, जरा डावीकडे घे. दगडाची उंची, दरीचा उतार, दोन झऱ्यांमधलं अंतर हे डोळ्यांना एका नजरेत कळतं. शोध रोबोने लावावा, नकाशा त्याने काढावा, आणि जिथे काय बघायचं हेच ठाऊक नाही तिथे माणसाने जावं, अशी वाटणी मला योग्य वाटते.

खालून वर बोलता येतं का?

येतं, पण रेडिओवर नाही, कारण रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात फार दूर जात नाहीत. ध्वनीवर चालणारा फोन असतो. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, म्हणजे सहा हजार मीटरवरून ‘सगळं ठीक’ म्हटलं की वर ऐकू यायला चार सेकंद. जीपीएसही चालत नाही, जागा ध्वनीवरूनच काढतात.

भारत यात कुठे आहे?

‘समुद्रयान’ या प्रकल्पात चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था ‘मत्स्य ६०००’ बांधते आहे. तिघे जण, ६,००० मीटर खोली, आतून २.१ मीटरचा टायटॅनियम मिश्रधातूचा गोळा, ८० मिलिमीटर जाडी, बारा तासांचं काम आणि आणीबाणीसाठी ९६ तासांची सोय, असा तिचा आराखडा आहे. ज्या ‘खोल महासागर मोहिमे’त हा प्रकल्प येतो तिला जून २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर झाले. २०२५ च्या सुरुवातीला चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली बंदरात तिच्या उथळ पाण्यातल्या चाचण्या झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन भारतीयांनी फ्रान्सच्या नोतीलमधून अटलांटिकमध्ये बुड्या घेतल्या, एक ४,०२५ मीटरची आणि दुसरी ५,००२ मीटरची.

या कथेची सुरुवात गोव्यातून होते. दोना पावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी २६ जानेवारी १९८१ ला ‘गवेषणी’ जहाजावरून अरबी समुद्राच्या तळाचे मँगनीजचे गोटे पहिल्यांदा वर आणले. त्या कामाच्या बळावर भारताला मध्य हिंदी महासागरात गोट्यांच्या शोधासाठी क्षेत्र मिळालं, ते आज ७५,००० चौरस किलोमीटर आहे. वास्कोची राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ही संस्था हिंदी महासागरातल्या गरम झऱ्यांचा मागोवा घेते आहे. तिने आणि चेन्नईच्या संस्थेने मिळून २०२४ मध्ये सुमारे ४,५०० मीटरवरच्या एका जिवंत झऱ्याची छायाचित्रं स्वयंचलित पाणबुडीने टिपली.

म्हणजे हे सगळं खाणकामासाठीच चाललंय का?

काही अंशी हो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्या बटाट्याएवढ्या गोट्यांत निकेल, कोबाल्ट, तांबं असतं. पण असा गोटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. पेरूजवळच्या समुद्रात १९८९ साली शास्त्रज्ञांनी प्रयोगासाठी तळ नांगरला होता, २०१५ मध्ये जाऊन पाहिलं तर नांगराच्या सऱ्या काल ओढल्यासारख्या दिसत होत्या. म्हणून पाणबुडी हवी ती आधी तिथे काय राहतं हे बघायला. तिथले जीव मोजून होण्याआधी यंत्रं उतरवणं मला मुळीच पटत नाही.

माझ्या मुलीला यात जायचं आहे. काय शिकावं?

दोन वाटा आहेत. विज्ञानाच्या बाजूने जीवशास्त्र, भूशास्त्र, रसायन किंवा भौतिकशास्त्र करून पुढे समुद्रविज्ञान. तंत्राच्या बाजूने मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, धातुशास्त्र किंवा नौकाबांधणी. दोना पावल, वास्को, चेन्नई या तिन्ही ठिकाणच्या संस्थांच्या संकेतस्थळांवर प्रशिक्षण आणि प्रकल्पांच्या जागा जाहीर होतात, त्यांवर लक्ष ठेवावं.

दोन्ही वाटा चाललेली माणसंही आहेत. सिंडी ली व्हॅन डोव्हर यांनी आधी गरम झऱ्यांवरच्या जीवांवर पीएचडी केली, मग अल्विनच्या पायलटचं प्रशिक्षण घेतलं आणि १९९० मध्ये त्या तिच्या पहिल्या महिला पायलट झाल्या. त्या परीक्षेत चालवता येणं पुरत नाही. पाणबुडीची वीज, तेलाचे पाइप, हवेच्या नळ्या यांचे आराखडे समोर काही न ठेवता कागदावर काढून दाखवावे लागतात. मुलीला घरातला मिक्सर उघडून बघायची खोड असेल तर तिला रागावू नका, फक्त आधी प्लग काढायला सांगा.